बाबांच्या पायाखालचा वजनकाटा : चौदा महिने वापरून

काटा बाराशे चाळीस रुपयांचा. काचेचा, चौकोनी, १०० ग्रॅमच्या फरकाने वजन दाखवणारा, बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारा. कुडाळला दुकानात जाऊन, खोका उघडायला लावून, वर उभं राहून घेतला. याआधी दोन काट्यांवर पैसे घालवून झाले होते. कंपन्यांची नावं लिहीत नाही. तोच काटा सहा महिन्यांनी दुसऱ्याच नावाने मिळतो, तेव्हा नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगतो.

आणि आधीच सांगून ठेवतो, पोट कमी करण्यासाठी काटा शोधत असाल तर हे वाचून फारसा उपयोग नाही. आमच्या घरात लिव्हर सिरोसिसचा, म्हणजे लिव्हर आक्रसून निकामी होत जाण्याच्या आजाराचा, पेशंट आहे, म्हणून हा काटा आला.

पेशंट म्हणजे बाबा. आचऱ्याच्या बाजूला आमचं किराणा मालाचं दुकान. बेचाळीस वर्षं बाबांनी अख्ख्या वाडीला तांदूळ, साखर, पोहे तोलून दिले. पंचवीस वर्षांचा मधुमेह, त्यातून लिव्हरवर चरबी, त्यातून सिरोसिस. कळलं तेव्हा पोटात पाणी झालेलं होतं. दारूचा थेंब कधी नाही. तरी ‘अण्णा घेत होते काय हो?’ हे विचारायला लोक हातात शहाळी घेऊन येतात. शहाळ्यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे.

गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलातून पहिल्यांदा घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांइतकंच ठासून सांगितलं की रोज वजन करा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. अंगात एक लिटर पाणी साठलं की वजन किलोभर वाढतं. पोट फुगलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत तीन-चार किलो पाणी भरून गेलेलं असतं. काट्याला ते पहिल्या दिवसापासून दिसतं. आम्हाला नियम घालून दिला होता: दोन दिवसांत किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर फोन करायचा.

उलट बाजूही सांगितली होती, ती मला आधी कळली नाही. लघवी होण्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर वजन भराभर उतरायला लागलं की घरातले खूश होतात. पायांवर सूज असेल तोवर दिवसाला किलोभर उतरलेलं चालतं. सूज गेली आणि फक्त पोटातलं पाणी राहिलं, की दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही, किडनीवर येतं. आम्ही एकदा तीन दिवसांत अडीच किलो उतरल्याचा आनंद साजरा केला होता. फोन केल्यावर डॉक्टरांनी आधी गोळ्या थांबवायला लावल्या आणि मग रक्त तपासायला पाठवलं. म्हणजे एवढ्या हिशोबासाठी काटा १०० ग्रॅमला खरा बोलणारा हवा.

पहिला काटा ऑनलाइन मागवला, मोबाइलला जोडायचा. वर चार चकचकीत पट्ट्या, त्यावर अनवाणी उभं राहायचं, मग तो अंगातून बारीकसा करंट सोडून चरबी किती, पाणी किती, हाडं किती असा सगळा पंचनामा मोबाइलवर टाकतो. पोटात पाच-सहा लिटर पाणी असलेल्या माणसाच्या बाबतीत त्या आकड्यांना काही अर्थ नाही, कारण तो हिशोबच मुळी अंगातल्या पाण्यावर बेतलेला. आमच्या ॲपने बाबांना स्थूल ठरवलं आणि भरपूर पाणी प्या असा सल्ला दिला. बाबांचे दंड तेव्हा माझ्या मनगटाएवढे झाले होते. (पेसमेकर असेल त्यांनी हे करंटवाले काटे वापरूच नयेत.)

पण तो काटा मी काढून टाकला तो त्याहून वाईट खोडीसाठी. ओळीने चार दिवस वजन ६३.२. एक काडीचा फरक नाही. मी डॉक्टरांना कळवलं, स्थिर आहे. बाबा खाटेवरून म्हणाले, ‘ह्यो काटो खोटो आसा.’ मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाले, ‘आदी वजनां हाड, मगे काय ता बोल.’

दुकानातली लोखंडी षटकोनी वजनं आणली. वीस, वीस आणि दहा. बाबा भिंतीला टेकून बसले आणि मला हुकूम सोडत गेले. पन्नास किलो ठेवले, काट्याने ५०.० दाखवलं. मला हायसं वाटलं. ‘आता काढ सगळां. परत ठेव, वर दोनशेचा घाल.’ दोनशे ग्रॅम जास्तीचं ठेवलं. पुन्हा ५०.०. अजून शंभर घातलं तरी ५०.०. पाचशे घातलं तेव्हा एकदम ५०.५. या काट्याला आठवण असते! आधीचं वजन तो लक्षात ठेवतो आणि नवं वजन जवळपास तेवढंच भरलं तर मागचाच आकडा पुन्हा फेकतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं काटा किती अचूक, दोनदा चढलो तरी तेच वजन. बेचाळीस वर्षं मापात पाप नको म्हणून जपलेला माणूस हे बघून कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. सिरोसिसच्या घरात मात्र ही लबाडी महागात पडते. रोजचे दोनशे-दोनशे ग्रॅम गिळून तो चार दिवस तुम्हाला गाफील ठेवू शकतो.

दुसरा काटा स्प्रिंगचा, तबकडीवर सुई फिरणारा. आठवण नाही, सेल नाही, ॲप नाही, पण आकड्यांच्या खुणा एकेक किलोच्या. डावा पाय जड टाकला की एक, उजवा टाकला की दुसरं. आमच्याकडे पावसात लोखंडाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. नागपंचमीपर्यंत सुई शून्यावर परत यायची बंद झाली.

आता हा तिसरा. दुकानात मी वीस किलोचं वजन पिशवीत घालून नेलं होतं. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच उत्सुकतेने तीन काटे खाली मांडले. त्यातला हा निवडला. घरी आणून बाबांच्या हाताखाली पुन्हा परीक्षा: वीसला २०.०, पंचावन्नला ५५.१, वर दोनशे घातल्यावर ५५.३. पंचावन्नच्या आसपास शंभर ग्रॅम जास्त दाखवतो, पण दरवेळी तेवढंच जास्त दाखवतो. आम्हाला फरक बघायचा असल्यामुळे ते चालून जातं. दर महिन्याच्या एक तारखेला ही परीक्षा होते आणि बाबा सही करून काटा पास करतात.

काट्याखालची जमीन मात्र फार महत्त्वाची. काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात. जमीन वाकडी असली की एक पाय अधांतरी राहतो आणि वजन कुठल्या कुठे जातं. आमच्या माजघरात जुना कोबा आहे, दिसायला गुळगुळीत, पण काटा इकडून तिकडे हातभर सरकवला की सातशे ग्रॅमचा फरक. चटई, सतरंजी, रबर मॅट यांच्यावर तर ठेवूच नका. शेजारच्या गवंड्याने कडप्प्याचा दोन बाय दोनचा तुकडा पाणसळ लावून सिमेंटात बसवून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा आणि दोन खाजाचे लाडू घेतले. भिंतीत पकडायला एक कडीही ठोकली. चढताना धरायची आणि आकडा दिसायच्या आधी सोडायची, नाहीतर वजन कमी भरतं. काच ओली झाली की निसरडी होते. बाबांचा पाय दोनदा सरकला, तेव्हापासून मी मागे उभा राहतो. लिव्हर खराब झालेल्या माणसाचं रक्त लवकर गोठत नाही, साधं पडणंही साधं राहत नाही.

वजन लिहायचं कालनिर्णयवर, त्या दिवसाच्या चौकटीत. ॲपपेक्षा हे शंभर पटींनी बरं. डॉक्टरांकडे जाताना पानं फाडून न्यायची, एका नजरेत महिना दिसतो.

गणपतीच्या आसपास काट्याने आमच्या घरात चोर पकडला. सात दिवसांत ६०.१ वरून ६१.९. गोळ्या चुकल्या नव्हत्या. मीठ दिवसाला एकूण पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ते मी सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून पुडीत बांधून देत होतो. पापड, लोणचं, सुकट, खारा बांगडा, खारातली कैरी यांना दाराबाहेर काढलं होतं. आईवर संशय, माझ्या मुलांवर संशय, बाबांची उशी उचलून बघितली. शेवटी सापडली ती सोलकढी! बाबांना जेवण जाईना म्हणून आई रोज वाटीभर करून देत होती, वरून मीठ अजिबात न घालता, अगदी प्रामाणिकपणे. पण सोलकढी आगळाची, म्हणजे साठवणीच्या कोकमरसाची. आणि आगळ टिकतं कशावर? मिठावर. ज्या बाटलीतून ती दोन-दोन चमचे काढत होती, ती बाटली तिनेच मे महिन्यात मीठ घालून भरली होती.

हिशोब असा असतो: पोटात साठणाऱ्या एका लिटर पाण्यामागे साधारण आठ ग्रॅम मीठ अडकलेलं असतं. म्हणून पाणी पिणं कमी करण्याआधी मीठ पकडावं लागतं. पाणी तोडायचं ते रक्तातलं सोडियम फार खाली आलं आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. बाबांना मी हे किराण्याच्या भाषेत सांगितलं, आठ ग्रॅमला एक लिटर उधारी. त्यांना ते औषधांच्या चिठ्ठीपेक्षा लवकर पटलं. आईला मात्र फार लागलं. दोन दिवस तिने चुलीकडे बघितलं नाही.

तेव्हापासून चव आणायला तिरफळ, लसूण, आलं, ओली मिरची, लिंबू. ताजा बांगडा तिरफळं ठेचून, ओलं खोबरं वाटून, पुडीतलं चिमूटभर मीठ शेवटी वरून घातलं की जिभेला ते आधी लागतं आणि कमी मिठात काम भागतं. हा शोध आईचाच. कालवं, तिसऱ्या असले शिंपले अर्धे कच्चे अजिबात नाहीत. समुद्रातले काही जंतू असल्या पेशंटला जिवावर बेततात.

इथेच एक सांगतो, कारण हे आमच्याच दुकानात विकायला होतं. कमी सोडियमचं मीठ म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बाबांच्या गोळ्यांत स्पायरोनोलॅक्टोन आहे, ती गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते. दोन्ही एकत्र झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्याचंही तेच, पोटॅशियम भरपूर. म्हणून लोकांनी आणलेली शहाळी आम्ही आल्या पाहुण्यालाच फोडून देतो. सैंधव म्हणाल तर तेही मीठच. आणि गुळवेलीचा काढा घेऊन येणाऱ्यांना मी हात जोडतो. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटांची नोंद छापली होती, तेव्हापासून आमचे डॉक्टर त्याचं नावही काढू देत नाहीत.

आता काट्याला काय जमत नाही ते. हे लिहिलं नाही तर परीक्षण अर्धं राहील.

कार्तिकात एक दिवस वजन ५९.८, आदल्या दिवशीही ५९.८. मी निश्चिंत. दुपारी बाबा उठून दुकानात गेले, एका मुलाला बिस्किटाच्या पुड्यावर पाचशेची नोट परत दिली आणि गल्ल्यापाशी उभे राहून ‘एस्टी इली काय?’ विचारत राहिले. रात्रभर जागे, दिवसा झोप. हे चार दिवस चाललं होतं, आम्ही ते म्हातारपणावर ढकललं. दोन दिवस पोट साफ नव्हतं. लिव्हरला जमेनासं झालं की आतड्यातलं अमोनियासारखं विष रक्तातून मेंदूत जातं, म्हणून लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं गोड चिकट औषध द्यायचं असतं आणि दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला झालं पाहिजे. बाबांनी ते लाजेखातर कमी केलं होतं, कारण रात्री न्हाणीघर लांब. काट्यावर यातलं काहीही दिसलं नाही. दिसलं ते कालनिर्णयवर. दर एक तारखेला काटा पास केल्याची सही असते ना, या महिन्याची सही मी नंतर बघितली. बेचाळीस वर्षं पावत्यांवर केलेली, शेवटी लफ्फा मारलेली सही. त्या चौकटीत नुसती एक थरथरती रेघ खाली उतरत गेली होती आणि दोनच्या चौकटीत घुसली होती.

त्या दिवसापासून रोज सही. वजन, शौचाला किती वेळा, आणि सही, असं तिन्ही एका चौकटीत. सही बिघडली की लॅक्ट्युलोज किती दिलं ते बघायचं आणि फोन करायचा. न्हाणीघराचा प्रश्न खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवून सोडवला. बाबा आठवडाभर तिच्याकडे पाठ करून झोपले, मग वापरायला लागले.

ताप, पोटात दुखणं, डांबरासारखं काळं शौचाला होणं, रक्ताची उलटी, हेही काटा सांगत नाही. यातलं काही दिसलं तर वजन करत बसू नका, गाडी काढा.

आणि काट्याची सगळ्यात मोठी फसवणूक, जिला काट्याचा काही दोष नाही. पौष-माघात तीन आठवडे वजन ५९ च्या आसपास थांबलं. मला वाटलं सावरले. डॉक्टरांनी कालनिर्णयची पानं बघितली, मग बाबांचा दंड दोन बोटांत धरला, कानशिलाजवळचे खड्डे बघितले आणि म्हणाले, वजन तेवढंच आहे, पण मांस गेलंय आणि त्या जागी पाणी आलंय. किलोला किलो. काट्याला त्यातला फरक कळत नाही. म्हणून आता शिंप्याच्या टेपने बेंबीवरून पोट आणि मधोमध दंड, आठवड्यातून एकदा मोजतो. जेवणातही चूक होत होती. लिव्हर खराब म्हणजे प्रथिनं बंद, असं आम्हाला नातेवाइकांनी सांगितलेलं. ते जुनं झालं. किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात: मूग, अंडं, मासा, दूध. रात्री झोपताना पुन्हा काहीतरी खायचं, कारण असलं लिव्हर रात्रीच्या उपासाचा साठा करून ठेवू शकत नाही, पहाटेपर्यंत शरीर स्वतःचंच मांस जाळायला लागतं. साडेनऊला दूध आणि अर्धी नाचणीची भाकरी. बाबा कुरकुरत खातात.

तुम्ही घेणार असाल तर खोका उघडायला लावा, किलो-दोन किलोची पिशवी हातात न धरता आणि मग धरून उभे राहा, मग पिशवीतून पाव किलो कमी करून पुन्हा. आकडा हलला नाही तर तो आठवणवाला आहे, परत ठेवा. आकडे मोठे आणि काळे असावेत, पेशंटला स्वतःला वाचता यावेत. याच्या आकड्यांमागचा दिवा जरा अशक्त आहे. पावसाळ्यात सेलच्या पत्र्यावर हिरवट थर चढतो, दर पंधरा दिवसांनी पुसावा लागतो, आणि काटा काही न सांगता बंद पडतो, आधी इशारा देत नाही. यासाठी एक तारा कापतो. पाचपैकी चार.

मागच्या महिन्यात दोनदा पोटातलं पाणी काढलं, सहा-सहा लिटर. पाच लिटरच्या वर काढलं की अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या प्रथिनाच्या) बाटल्या चढवाव्या लागतात, आणि एकेक बाटली हजारांच्या घरात. बदली लिव्हरचं विचारून झालं, हृदय साथ देणार नाही म्हणाले. आता बाबांना दोघांनी धरल्याशिवाय उभं राहता येत नाही, आणि धरलं की वजन खोटं. डॉक्टर म्हणाले, काटा राहू द्या आता, त्यांना बरं वाटतंय का तेवढं बघा. काटा आठवडाभर खाटेखाली पडून होता.

परवा पलीकडच्या वाडीतला एक मुलगा आला. त्याच्या आईच्या पोटात पाणी झालंय, नुकतंच कळलं. बाबांनी त्याला काटा द्यायला लावला. सोबत दुकानातलं वीस किलोचं वजन आणि दोनशेचं वजन. खाटेवरून पाऊण तास त्याला शिकवत होते, मध्ये दोनदा डोळा लागला, उठल्यावर जिथे सोडलं होतं तिथून पुढे. मुलाने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. तो निघाला तेव्हा बाबांना आणखी एक आठवलं आणि मला त्याच्यामागे बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, पळवलं: सेलचं झाकण सैल आहे, त्यावर चिकटपट्टी लावलीय ती काढू नको.